बांधावरचा नंबर

ज्याला यंत्र नाही त्याला नंबर नाही, असा जागृतीचा धंद्यातला नियम होता. नियम चांगलाच होता. वाईट एवढंच, की त्या दिवशी तिने तो भीतीपोटी पाळला.

सानपाड्याला तिचा एक गाळा होता, दहा बाय बाराचा, आणि तिथे बसून ती कंपन्यांचे फोन सांभाळायची. म्हणजे बाहेरून फोन आला की आत कुठे वाजायचा, कोणी उचलला नाही तर पुढे कोणाकडे जायचा, ही सगळी वाटणी करणारं सॉफ्टवेअर. असलं एक मशीन वाशीच्या बाजारामागे, खाडीच्या अंगाला असलेल्या एका कोल्ड स्टोरेजमध्ये जिन्याखालच्या कपाटात बारा वर्षं इमानेइतबारे चाललं होतं. जूनच्या अखेरीस त्याच्या ऑपरेटिंग सिस्टिमचा सपोर्ट संपला. सपोर्ट संपला म्हणून मशीन काही बंद पडत नाही. फक्त त्याची विचारपूस करणारं जगात कोणी उरत नाही, आणि उद्या त्यात चोर शिरला तर भोक बुजवायला कोणी येत नाही. ऑडिटवाल्याने तांबड्या शाईत तसं लिहिलं, तेव्हा मालकाला जाग आली.

मालक म्हणजे विपुलशेठ. वय चौतीस, घाई जन्मजात. "मॅडम, मशीन नवीन, सॉफ्टवेअर नवीन, सगळं नवीन टाका," तो म्हणाला. "पण पितृपक्ष लागायच्या आत. नायतर आई घरात घेणार नाय."

म्हणून अनंत चतुर्दशीला, सगळं ऑफिस विसर्जनाच्या सुट्टीवर असताना, जागृती सकाळी दहाला तिथे लॅपटॉप उघडून बसली. जुन्या मशीनमधून सगळ्या नंबरांची यादी काढायची, जिवंत नंबर नव्या मशीनवर न्यायचे, मेलेले सोडून द्यायचे. एकसष्ट नंबर निघाले. साठ नंबरांचे फोन जागेवर सापडले. एकशे सत्तावीसचा सापडेना.

तिने भिंतीभिंतीने वायर शोधली. वायरही नव्हती. या नंबरावर कधी कुठलं यंत्र जोडल्याची मशीनमध्ये नोंदच नव्हती. आणि तरीही त्यावरून रोज दोन फोन जात होते, दोन्ही एकशे चाळीसला, म्हणजे तळघरातल्या पंपरूमला. प्रत्येक फोन चार सेकंदांचा. त्याच दिवशी सकाळी नऊ एकतीसला एक झाला होता.

कोणीतरी आपोआप लागणारा फोन लावून ठेवला असेल, असं तिला आधी वाटलं. पण घड्याळ लावलेलं सापडलं नाही, आणि वेळाही ठरावीक नव्हत्या. ती नोंदी मागे मागे बघत गेली. काल आठ बेचाळीस. परवा आठला पाच कमी. रोज पाऊण तासाच्या आसपास पुढे सरकणारी वेळ. शहरातल्या दुसऱ्या कोणी इंजिनियरने डोकं खाजवलं असतं. जागृती मात्र सानपाडा गावातली आगऱ्यांची पोर. खाडी बुजून तिथे टॉवर उभे राहिले तरी तिच्या घरात अजून भिंतीवरच्या कालनिर्णयात आधी तिथी बघतात आणि मग तारीख. ही वेळ भरतीची आहे, हे तिला कोणी सांगायची गरज नव्हती.

ती जिना उतरून पंपरूममध्ये गेली. तिथे हौसेराव बसला होता. मूळचा साताऱ्याकडचा, साठीला टेकलेला, बाजारात हमाली करून पाठ गेली तेव्हापासून इथे तळघर सांभाळणारा. रात्रंदिवस त्याचा मुक्काम तिथेच. तळघराचं पाणी एका नाल्यातून खाडीत जायचं आणि नाल्याच्या तोंडावर एक लोखंडी दार होतं. भरती चढायला लागली की ते दार पाडायचं, नाहीतर खाडी उलटी आत. हे त्याचं काम.

"एकशे सत्तावीस कोणाचा, काका?"

"वामनदादांचा," हौसेराव म्हणाला, जसा काही वामनदादा आत्ताच चहा प्यायला गेला आहे. "पानी नाल्याच्या तोंडाशी आलं की त्यांचा फोन येतो. मी आलो म्हनतो आन् दार पाडतो."

"ते कुठे असतात?"

"वारले की. चार वर्सं झाली."

हौसेरावने पुढे सांगितलं. वामन इथल्याच खाडीकाठच्या गावचा. जमिनी गेल्या, मिठागरं गेली, आणि म्हातारा या तळघरात नोकरीला लागला. गावाच्या बांधाची राखण त्याच्या घरात होती.

"काम्प्युटरमदी कायतरी करून ठेवलं असंल त्यांनी," हौसेराव म्हणाला. "मला त्यातलं कळत न्हाई. पर एक सांगतो. ते हयात व्हते तवाबी एकदा पोरीच्या लग्नाला चार दिस रजेवर गेले, तरी फोन येतच व्हता. आल्यावर म्यां इचारलं. तर म्हनले, मी नाय केला. पन माझाच आवाज हाय."

"तुम्हाला भीती नाय वाटली?"

"भ्या कशाचं? मी डोंगराकडला मानूस. आमच्याकडं नदी एकाच दिशेनं वाहती. हितलं पानी कवा फिरंल ते मला अजून उमगत न्हाई." त्याने कोपऱ्यातल्या, नाल्यात उतरायच्या जाळीच्या झाकणाकडे बोट दाखवलं. "त्यात उतरून कचरा काढावा लागतो. उद्या तर इसर्जनाचं निर्माल्य येऊन दाराला अडकनार. खाली असताना वरचे साहेब उगंच फोन करत्यात, तिकडं मी ध्यान देत न्हाई. पर दादांची घंटा येगळी, लांबलचक. ती वाजली की हातातलं टाकून वर यायचं. न्हाई वाजली, म्हंजे पानी अजून लांब हाय."

जागृतीने झाकणातून खाली वाकून बघितलं. लोखंडी आकड्यांची शिडी, तळाशी अंधार आणि पोटरीएवढा चिखल. वर येताना तिने मनाशी ठरवलं, की भरतीचा तक्ता घालून एक साधा आपोआप लागणारा फोन या माणसाला करून द्यायचा. तासाभराचं काम.

पण आधी तिने एक आगाऊपणा केला. जुनं मशीन सगळे फोन रेकॉर्ड करून ठेवायचं. तिने सकाळचं रेकॉर्डिंग लावलं.

आधी नुसती घरघर. मग एका म्हाताऱ्याचा आवाज, सावकाश, लांबून हाक मारल्यासारखा. "भरती आयली." मग हौसेराव. "आलो." संपलं.

तिने जुलैमधलं लावलं. शब्द तेच, पण मागे धो धो पाऊस, आणि म्हातारा पावसावर आवाज चढवून बोलत होता. गेल्या वर्षीचं एक लावलं. त्यात तो आधी खोकला. आणखी एकात मागे कोणीतरी होडी ओढत होतं. एकदा भरून ठेवलेला आवाज रोज वाजतोय, ही तिने धरून ठेवलेली शेवटची काडीही हातातून गेली.

ही हाक तिच्या ओळखीची होती. तिचा आजा गंगाराम जुन्या गोष्टी सांगताना हीच हाक मारून दाखवायचा. गावाच्या शेतांना खाडीपासून वाचवणारा बांध, त्यात पाणी सोडायची-अडवायची उघाडी, आणि रात्री-अपरात्री बांधावर उभा असलेला राखणदार. पाणी फिरलं की तो ओरडायचा, "भरती आयली!" उघाडीवरचा माणूस म्हणायचा, "आलो." एवढंच रोजचं. पण राखणदार थकला, किंवा त्याचे दिवस भरले, की तो एखाद्या घराच्या दारात जाऊन तीच हाक मारायचा. आतून जो कोणी "ऐकला" म्हणेल, बांध त्याचा झाला. जुना राखणदार तिथून मागे न बघता घरी जायचा. पुन्हा हाक मारायचा नाही. सहा वर्षांची जागृती एकदा त्या गोष्टीच्या मध्येच हसत "ऐकला" म्हणाली होती, आणि तिच्यावर कधी हात न उगारणाऱ्या आज्याने तिला थोबाडीत दिली होती.

"चेष्टेत पन म्हनायचा नाय," तो म्हणाला होता.

जागृतीने रेकॉर्डिंग बंद केलं. थोड्या वेळाने विपुलशेठचा फोन आला, तेव्हा तिने एकशे सत्तावीसचं विचारलं.

"मेलेल्या माणसाचा नंबर चालू ठेवायचा?" तो म्हणाला. "ऑडिटवाला हसेल ना. काढून टाका."

"पण हौसेरावकाकांना सांगायला पाहिजे. त्या फोनवर ते दार पाडतात. मी आठवडाभरात दुसरं काय ते लावून देते, तोपर्यंत त्यांनी तक्ता बघायला पाहिजे."

"मी सांगतो. टेन्शन नका घेऊ."

खरं तर ती चार पायऱ्या उतरून स्वतः सांगू शकत होती. तसं सांगायला गेलं तर पुन्हा त्या खोलीत जावं लागलं असतं, त्या फोनसमोर. तिने साठ नंबर नव्या मशीनवर नेले, एकसष्टावा 'नाकारलेले' या यादीत टाकला आणि भीतीला नियमाचं नाव दिलं.

पौर्णिमेला सकाळी साडेआठला तिने जुनं मशीन बंद केलं, नवं चालू केलं. बाहेरच्या चोरांना शिरकाव नको म्हणून आतल्या खोल्यांचे फोन बाहेरून लागणार नाहीत अशी कडी घातली. तीही नियमातच होती. पंपरूममध्ये नवा फोन बसवायला मात्र तिने विपुलच्या माणसाला पाठवलं. साडेनऊला ती जुनं मशीन आणि उतरवलेले जुने फोन एका खोक्यात घालून, स्कूटरच्या पायापाशी ठेवून सानपाड्याला आली. खोकं टेबलाखाली सरकवलं आणि शेजाऱ्याला चहा सांगितला.

दहा वाजून वीस मिनिटांनी खोक्यातला फोन वाजला.

एकालाही वायर नाही, वीज नाही, जोडायला मशीन नाही. लांबलचक घंटा, मध्ये न थांबणारी. जागृतीने खोकं उघडलं. वरचाच फोन होता, पंपरूममधून काढून आणलेला, त्याच्या आकड्यांवर अजून हौसेरावच्या बोटांचं ग्रीस होतं. तिने तो का उचलला, हे तिला पुढे कधीच धड सांगता आलं नाही. वाजणारा फोन उचलायचा, एवढंच बारा वर्षांत हाताला माहीत झालं होतं.

"भरती आयली," म्हातारा म्हणाला. आवाज फार थकलेला होता.

"ऐकला," जागृती म्हणाली.

तोंडातून शब्द गेला आणि मगच तिला तो ऐकू आला. पलीकडे कोणीतरी श्वास सोडला, मोठं ओझं खांद्यावरून उतरवताना माणूस सोडतो तसा. मग चिखलातून चालत जाणारी पावलं, लांब लांब जाणारी. मग काहीच नाही. फोन पुन्हा मेला.

तेव्हा तिला दुसरी गोष्ट सुचली, जी पहिलीपेक्षा वाईट होती. आज निर्माल्य अडकलेलं आहे. हौसेराव खाली उतरलेला आहे. घंटा वाजली नाही, म्हणजे पाणी लांब आहे, असं समजून तो खाली निवांत कचरा काढतो आहे. आणि वामनदादा आता फोन करणार नाही. त्याला उत्तर मिळालं आहे.

तिने हौसेरावचा मोबाइल लावला. तळघरात रेंज नव्हती. विपुलशेठला लावला. रात्रभर बाप्पाला निरोप देऊन तो झोपला असणार, फोन वाजून वाजून थांबला. कंपनीचा मुख्य नंबर लावला, तर तिनेच नव्या मशीनमध्ये बसवलेली रेकॉर्डिंगमधली गोड बाई सांगू लागली की ऑफिस अकरा वाजता उघडेल. एकशे चाळीस बाहेरून लागणार नव्हता, कडी तिचीच. स्कूटरने वीस मिनिटं. पौर्णिमेचं पाणी वीस मिनिटं थांबत नाही.

तिने लॅपटॉप उघडला. कडी काढत बसायला वेळ नव्हता, आणि साधी घंटा वाजली असती तर हौसेरावने लक्षही दिलं नसतं. लांब घंटा एकाच नंबराची होती. 'नाकारलेले' यादीत एकच ओळ होती. तिने ती परत घेतली, नावाच्या जागी काय लिहायचं ते कळेना म्हणून स्वतःचं नाव लिहिलं, आपला लॅपटॉप त्या नंबरावर जोडला, म्हणजे मशीनच्या लेखी तो आतलाच फोन झाला, आणि एकशे चाळीस लावला.

घंटा वाजू लागली. ती मोजत होती. दहा. पंधरा. वीसच्या पुढे तिने मोजणं सोडलं आणि गावदेवीचं नाव घेतलं. देवीकडे तिने आजवर स्वतःसाठी पुष्कळ मागितलं होतं. दुसऱ्या कोणासाठी पहिल्यांदाच.

फोन उचलला गेला. धापा ऐकू आल्या. 'काका, वर या' असं म्हणायला तिने तोंड उघडलं.

"भरती आयली," ती म्हणाली. आज्याच्या हेलात, लांबून हाक मारावी तसं.

"आलो."

चार सेकंद.

ती पोचली तेव्हा दार पडलेलं होतं आणि हौसेराव पंपरूमच्या पायरीवर बसला होता. कमरेपर्यंत भिजलेला, विजारीला झेंडूच्या पाकळ्या चिकटलेल्या. विपुलशेठने त्याला काहीही सांगितलं नव्हतं.

"घंटा वाजली तवा पानी मांडीला लागलं व्हतं," तो म्हणाला. "आजवर असं कदी झालं न्हाई. मला वाटलं चिखलच वर येतोय. पाय माळांत गुतला व्हता. आनी जरा येळ झाला असता तर…"

"फोन मी केला होता, काका. चूक माझीच. मी तो नंबर काढला होता." तिला रडू आलं आणि तिने ते आवरलं नाही.

तिने खोक्यातल्या फोनचं सांगितलं, आपण काय बोललो तेही सांगितलं. तो रागावला असता तर तिला बरं वाटलं असतं.

"सुटले म्हना वामनदादा," तो म्हणाला. "चार वर्सं मेल्यावरबी हुबे व्हते बिचारे. तुमी बसा, चहा ठेवतो."

त्या संध्याकाळी जागृतीने भरतीचा छापील तक्ता आणला, दोन तास बसून एकशे सत्तावीसवरून आपोआप लागणारा फोन तयार केला, आणि तिला हायसं वाटलं. नाल्याचं पाणी तक्त्यापेक्षा किती मागेपुढे असतं ते बघायचं राहिलं होतं, म्हणून फोन लगेच चालू केला नाही. हौसेराव म्हणाला, रात्री मी जागा राहून दार पाडीन. उद्या सकाळी मात्र स्वतः समोर बसून, अकराच्या आत, वेळ जुळवून देते, असं तिने त्याला कबूल केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दिघ्याच्या एका कारखान्याचे सगळे फोन बंद पडले. जागृती नऊलाच तिकडे धावली. धुरळलेल्या कपाटात डोकं घालून एकेक वायर तपासताना बाकी जगाचा विसर पडला. हात धुताना तिने भिंतीवरचं घड्याळ बघितलं. साडेअकरा.

तिने हौसेरावचा मोबाइल लावला आणि तो पहिल्याच घंटेला उचलला गेला, तेव्हा तिला आधी हुंदकाच आला.

"काका, तुम्ही वर आहात ना? मी विसरले, काका. मी साफ विसरले."

"इसरल्या कुठं?" हौसेराव म्हणाला. "दार पाडून अर्धा तास झाला, आता वर चहाला आलोय. येळेवर आला की फोन."

"कोणाचा?"

"कोनाचा म्हंजे? तुमचाच."

जागृतीने बॅगेतून लॅपटॉप काढला. तो काल रात्रीपासून बंद होता, हाताला थंडगार. तिने तो चालू केला, तिथल्याच एका स्टुलावर बसून कोल्ड स्टोरेजच्या नव्या मशीनमध्ये शिरली. आपोआप लागणारा फोन तिने ठेवला तसाच होता, न चालू केलेला. नोंदीत मात्र एक ओळ वाढली होती. एकशे सत्तावीसवरून एकशे चाळीस. अकरा वाजून तीन मिनिटं. चार सेकंद. फोन करणाऱ्याचं नाव: जागृती.

अकरा वाजून तीन मिनिटांनी ती इथे होती. कारखान्याची दोन माणसं तिला बॅटरी धरून उभी होती.

तिने रेकॉर्डिंग लावलं. आधी वारा, आणि बांधाला थपथप लागणारं पाणी. मग तिचा आवाज. कुठेही घाबरलेला नाही, सावकाश, रोजचं काम असल्यासारखा.

"भरती आयली."

"आलो, ताई," हौसेराव म्हणाला.

कारखान्याच्या मॅनेजरने फोन सुरू झाले का म्हणून विचारलं. झाले, असं ती म्हणाली. मग तिने लॅपटॉप बंद केला आणि मनाशी हिशेब केला, की रात्रीची वेळ साडेअकराच्या आसपास येईल.